फ्रीजवरचा सरवा

पोराला कंपनीनं पॅरिसला धाडलं, आणि त्यानं माझ्यासाठी काय आणलं, तर फ्रीजला चिकटवायचं मॅग्नेट! काडेपेटीएवढं. त्यावर तिकडचं एक नावाजलेलं जुनं चित्र : कापणी झालेल्या रानात तीन बाया खाली पडलेली कणसं वेचतायत. याला वास्तववादी चित्रकला म्हणतात, असं मी चष्मा लावून आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "सरवा वेचायल्यात की रं. आन् ही तिसरी नीट वाकंना. हिला काय घावायचंय?"

झाली का पंचाईत! आईचं सगळं लहानपण मुरुम गावाकडं दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचण्यात गेलेलं, आणि पोराच्या लग्नाच्या बायोडेटात मी 'पिढीजात बागायतदार' असं ठोकून दिलेलं. आमची बागायत म्हणजे दोन एकर आणि एक बोअर, तोही होळीनंतर नुसती हवा फेकतो. रविवारी आमच्याच भागातल्या वाशीहून मुलीकडचे घर बघायला येणार होते. पोराला मुलगी पसंत, मुलीला पोरगा पसंत. सोयरीक मोडलीच असती, तर माझ्या थापेपायी मोडली असती.

मॅग्नेट काढून ठेवावं, तर पॅरिस दिसणार कसं? ठेवलं तिथंच. आईला तेवढं बजावलं, "पाहुण्यांपुढं सरव्याचं काढू नको बरं."

"न्हाय काढत," ती म्हणाली.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलीची आत्या पाणी प्यायला आत आली आणि फ्रीजपुढं थबकली. मीच हौसेनं म्हणालो, "पॅरिसचं आहे!" गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? आत्याबाईंनी चित्र निरखून बघितलं आणि आईला विचारलं, "आजी, तुमच्या एवढ्या मोठ्या रानात बी येत असतील की हो असल्या बाया?"

मी घाईघाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

आईनं पदर सावरला. "यायच्या की. लई यायच्या. आमी कधी कुणाला हाकललं न्हाय. कुणाची ओटी झाडून घेतली न्हाय."

आत्याबाई खूश झाल्या. खानदानी माणसं, असं बाहेर जाऊन सांगितलंसुद्धा. आईची वेचलेल्या कणसांनी भरलेली ओटी मात्र एका मालकानं भर बांधावर झाडून घेतली होती, ती नऊ वर्षांची असताना. मला तिनंच एकदा सांगितलेलं.

पाहुणे गेल्यावर मी तिच्यापाशी जाऊन बसलो. तिच्याकडं बघायची लाज वाटत होती.

"झालं न्हवं तुझ्या मनासारखं?" तिनं विचारलं, आणि कपबश्या उचलायला उठली.