तीन डोंगरांपलीकडचं प्रवचन

मी हात वर केला तो पंखा वाढवा म्हणून खुणवायला. नेमकं तेव्हाच आमच्या चर्चचे पाळकसाहेब विचारत होते, "आपली ऊबदार जागा सोडून प्रभूसाठी सातपुड्यात कोण जाईल?" माझा हात दिसला नि सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या. देवळात 'मी नाही त्यातली' म्हणायची सोय नसते. पंख्याखालचं तिसरं बाक सोडून मी निघाले. पिशवीत एक उशी, फरसाण आणि शिष्यपणावरचं बारा पानी प्रवचन होतं.

नगरहून शहादा एसटीने झालं. पुढे धडगावची जीप. आत माणसं कोंबलेली, तरी ड्रायव्हर मलाच बोलवत होता.

"बठा ताई, बठा!"

"अहो, जागा कुठंय?"

"मन्ही गाडीमा जागा कधी सरत नही!"

सरली नाही हे खरं. माझ्या मांडीवर एका बाईची कोंबडी बसली. घाटातल्या प्रत्येक वळणाला मी "प्रभू, प्रभू" करत होते आणि कोंबडी निवांत होती. विश्वास कुणाचा मोठा, ते तुम्हीच ठरवा.

धडगावहून दुसरी जीप, मग पायवाट. इथला पाडा म्हणजे दर घर आपापल्या टेकडीवर. शेजाऱ्याकडे साखर मागायला जायचं तर एक ओढा ओलांडा. उतारावर आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या, वासानेच तोंडाला पाणी सुटलं. माझे यजमान केलसिंग आणि त्याची बायको रुमाबाई. रात्री दादरची (इथली ज्वारी) भाकरी आणि उडदाची डाळ होती. मी चार भाकऱ्या हाणल्या. फरसाण पिशवीतच राहिलं.

रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात उपासना. चार ख्रिस्ती घरं आली. पण केलसिंगचं लक्ष ओढ्यापलीकडच्या टेकडीवर. तिथं माणसांची गर्दी जमत होती.

"काय आहे तिकडं?"

"लाह," तो म्हणाला. लाह म्हणजे सगळ्या गावाने मिळून एका घरचं काम करायचं, मजुरी नाही. "माझ्या मोठ्या भावाचं छप्पर घालतायत. बाज्याचं."

"मग तू?"

उत्तर रुमाबाईने दिलं. लाहेत आधी पाड्याच्या देवाच्या नावाने मोहाची दारू जमिनीवर सांडतात, मग द्रोण फिरतो. द्रोण नाकारला की अपमान. म्हणून ख्रिस्ती झाल्यापासून केलसिंग लाहेला जायचाच बंद झाला होता. कालच बाज्याचा निरोप आला होता: आज नाही आलास तर माझ्या मयतालाही येऊ नको.

मी घसा खाकरून प्रवचन उघडलं. "पेत्राने जाळी टाकली आणि तो प्रभूच्या मागे गेला. शिष्य व्हायचं तर आपली सवयीची, सुखाची जागा सोडा..."

केलसिंग उठलाच. "मग मी जातो, ताई."

"अरे, मी अजून पहिल्याच पानावर आहे!"

"माझी सुखाची जागा हेच अंगण आहे. इथं मला कुणी शिव्या देत नाही. तिकडं जायची भीती वाटते."

तो निघाला. मागे रुमाबाई, मागे चारही घरं. अंगणात मी, अकरा पानं आणि एक बकरी. तिने पानांकडे ज्या नजरेने बघितलं, ते बघून मीही धावले. ओढ्यात माझी चप्पल तुटली, अनवाणी चढले.

दिवसभर कौलं हातोहात वर जात होती. मी रांगेत मधेच. कंबर बोंबलत होती, पण रांग थांबत नाही हो! केलसिंग छपरावर, भावाच्या शेजारी. बाज्या त्याच्या हातून कौल घ्यायचा, पण बघायचा दुसरीकडे.

काम संपलं. बाज्याने जमिनीवर दारू सांडली. केलसिंग बाजूला, मान खाली घालून उभा. पळसाचा द्रोण माणसामागून माणूस जवळ येऊ लागला.

बाज्या भावासमोर थांबला, मागे वळला, मडक्यातून दुसरा द्रोण भरून आणला.

"पी. पाणी आहे."

केलसिंगने घेतला. एका दमात पिताना निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. रुमाबाई पदरात तोंड घालून रडली. मीही रडले, लाजायचं काय त्यात! तेवढ्यात बाज्याने न विचारता माझ्या हातात दारूचा द्रोण दिला. एक घोट घेतला. देव बघत होता, बघू दे.

परत आल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "किती वेळ बोललात?"

"एक पान," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. पानभर बोलून चार घरं आपल्या अंगणाबाहेर काढली, हे त्यांना कसं समजवायचं? मी स्वतः इतकी वर्षं त्या बाकावरून उठले नव्हते.

काल केलसिंगचा फोन आला. पुढची लाह त्याच्या घराची आहे, गावाला बोलावणं बाज्यानेच फिरवलंय.

"आणि ताई, भाऊ विचारतोय, तुमच्यासाठी पाणी ठेवू की तेच?"