कोंडाबाईचा डावा हात

मंचरच्या बाजूला बटाट्याचं बेणं कापायचं म्हटलं की कोंडाबाईला हमखास बोलावणं यायचं. प्रत्येक फोडीवर डोळा राखून ती झरझर सुरी चालवायची. मात्र बायकांत कधी बसायची नाही, कोपऱ्यात सगळ्यांकडे पाठ करून बसायची. लोक म्हणायचे, बाई मानी आहे. खरं कारण वेगळंच. ती डावखुरी होती. डाव्या हाताचं बेणं उगवत नाही, असं सासूनं लग्नाच्या वर्षीच सुनावलं होतं. तेव्हापासून चाळीस वर्षं तिनं तो हात लपवला. घरच्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं. बेणं बिचारं दरवर्षी उगवत होतं.

दोन हजार सहा साली तिच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. रोजच्या मिसरीतल्या तंबाखूनं पायाची नस बंद केली होती. ती उघडली नाही तर पाय कापावा लागणार होता. नस उघडायची नळी घालायला पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही जांघा तपासल्या आणि मान हलवली. तिथल्या नसाही बंद होत्या.

"आता हातातूनच नळी घालावी लागेल," ते म्हणाले. "मनगटातून धोका कमी, पण नळी पायापर्यंत पुरणार नाही. कोपरातून पुरेल. मात्र तिथं रक्त साकळलं तर बोटं बधिर होऊ शकतात. कामाचा हात कुठला?"

"उजवा," कोंडाबाई सवयीनं म्हणाली. शेजारी सून उज्ज्वला खाली बघत राहिली.

"मग डाव्या कोपरातून जाऊ."

टेबलावर निजवून नर्सनं डाव्या कोपरावर गार औषध चोळलं, तेव्हा तिनं हात मागं ओढला. इथंही लाजायचं? स्वतःचाच तिला भयंकर राग आला.

"डाक्टर, थांबा. मी खोटं बोलले. मी डाव्या हाताची हाय."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "हे आत्ता सांगता? उजवीकडून गेलो तर नळी मेंदूकडं जाणाऱ्या नसांच्या तोंडावरून न्यावी लागेल. अर्धांगवायूचा धोका वाढतो. तुम्हीच सांगा."

तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. खूप भीती वाटत होती.

"डावाच घ्या. पण जपून, बेण्याचा हात हाय."

तासाभरानं नस उघडली, पाऊल उबदार झालं, पण संध्याकाळी बोटांना मुंग्या आल्या. करंगळी हलेना. डॉक्टर धावत आले आणि कोपर दाबून बराच वेळ उभे राहिले. रात्रभर कोंडाबाई करंगळीवर नजर ठेवून होती. सकाळी करंगळी जराशी वाकली.

दिवाळीनंतर बेणं कापायला ती गेली, तेव्हा कोपरा सोडून बायकांच्या मधोमध बसली. करंगळी अजून थोडी ताठ होती. डाव्या हातात सुरी पाहून म्हातारी अंबाबाई म्हणाली, "अगं, डाव्यानं?"

"डाव्यानंच. चाळीस वर्सं ह्याच हाताचं पीक खाताय तुमी."

अंबाबाईनं थोडा वेळ फोडी निरखल्या, आणि आपल्या बेण्याची टोपली तिच्याजवळ सरकवली.