खुर्चीखालचं नाव

कापसानं दगा दिलेली ती वर्षं होती, पण माझी मास्तरकी पक्की होती. म्हणूनच यवतमाळच्या एका हॉटेलात आम्हा नवराबायकोला एका रिसॉर्ट कंपनीकडून फुकट जेवणाचं बोलावणं आलं. कंपनीचा टायवाला माणूस समजावत होता, "सर, सुट्टीत भाड्याची खोली म्हणजे पैसा पाण्यात. आमच्या रिसॉर्टमधला वर्षाचा एक आठवडा कायमचा विकतच घ्या." मी फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं.

शेजारी पांढऱ्या टोपीतले एक काका रिकाम्या खुर्च्या उलट्या करून बुडाशी बघत होते. प्रत्येकीला हलकी थाप मारायचे नि एकीवर एक रचायचे.

"काय शोधताय, काका?"

"माहं नाव. बिछायत केंद्र हाय माहं, खुर्च्या-गाद्या भाड्यानं देतो. औंदा लग्नं कमी, मंग असे कार्यक्रम धरतो." त्यांनी टायवाल्याकडे मान उडवली. "भाड्यात पैसा बुडते म्हणून राह्यला तो. मंग माह्या खुर्च्या भाड्यानं कायले आणल्या, साहेब?"

आधी बायको हसली. मी पेनाला टोपण लावलं. जेवण मात्र पोटभर जेवलो.

त्या दिवाळीत चिखलदऱ्याला भाड्याची खोली घेतली. नळ गळत होता. मालकाला सांगितलं आणि आम्ही फिरायला निघून गेलो.