फ्रीजरच्या दारावरचा आकडा

अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या त्या केटरिंगच्या किचनमध्ये लागून मला दुसरं वर्ष होतं. माझं काम पोळ्यांचं. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून हातात लाटणंच आहे, दुसरं काही येत नाही, आणि इंग्रजी तर दुकानाच्या पाटीपुरतंही नाही. भावाने कागदपत्रं करून मला इथं आणलं आणि ताई-दादांनी, म्हणजे मालक-मालकिणीनं, ठेवून घेतलं. पहिल्या थंडीत ताईंनी स्वतःचा कोट काढून मला दिला होता. त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईटसाईट मनात आलं की मला लाज वाटायची. तरी यायचंच.

त्या ऑगस्टमध्ये एका सकाळी फ्रीजरच्या दारावर मार्करने मोठा आकडा लिहिलेला दिसला. एकवीस. दुसऱ्या दिवशी वीस, मग एकोणीस. लिहायची त्यांची मुलगी. इथंच जन्मलेली, कॉलेजला जाणारी, सुट्टीत मदतीला यायची. आकडा बदलला की दादा हातातलं काम टाकून बघायला यायचे आणि बापलेक इंग्रजीत काहीतरी बोलून हसायचे. मी जवळ गेले की हसणं थांबायचं. निदान मला तसं वाटायचं.

विचारायचा धीर नव्हता, कारण उत्तर मला माहीत आहे असंच मी धरून चालले होते. जुलैत एक माणूस पोळ्यांच्या मशीनचं माहितीपत्रक देऊन गेला होता. एकीकडून पीठ घाला, दुसरीकडून पोळ्या. ताईंनी ते फेकलं नव्हतं, चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. मी दोनदा उघडून पाहिलं. मग बोटांवर मोजलं. शून्य एका शनिवारी येत होतं.

दारावर पंधरा होता त्या दिवशी मुलगी टेप घेऊन आली आणि माझ्या ओट्याशेजारची भिंत मोजायला लागली.

"इथं बसेल?" दादांनी विचारलं.

"इझिली. मावशी, जरा सरकता का?"

मी सरकले.

तेव्हापासून मी अर्धा तास लवकर यायला लागले. पोळ्या इतक्या भराभर पडायला लागल्या की ताई म्हणाल्या, "अहो मावशी, मागे कोण लागलंय का तुमच्या?" मी म्हटलं, "नाही हो, सवय."

एका सकाळी मी एकटीच होते. दारावर आदल्या दिवशीचा दहा होता. ओल्या फडक्याने तो पुसला आणि अकरा लिहिला. एक दिवस तरी मिळेल, असं काहीसं डोक्यात होतं.

मुलगी आली आणि दाराकडे बघून जागीच थांबली. भांडायचं असलं की ती मराठीत येते. "बाबा, हे तू केलंस?"

"मी कशाला करीन? लास्ट इयर मोजताना आपला एक दिवस चुकला आणि पहिलीच मॅच हरलो, विसरलीस? माझा संशय तुझ्या आईवर आहे. तिला फुटबॉलचं वावडं."

"मला कामं आहेत," आतून ताई म्हणाल्या.

मॅच. तव्यावरची पोळी करपेपर्यंत मी तशीच उभी राहिले.

"ताईंनी नाही," मी म्हणाले. "मी केलं."

मग सगळंच सांगितलं. मशीन, भिंत, शनिवार. मुलगी आधी हसली, मग हसू आवरून जवळ आली. "मावशी, भिंतीवर टीव्ही लावतोय. त्या शनिवारी कॉलेज फुटबॉलची पहिली मॅच आहे. लोक सकाळपासून स्टेडियमच्या पार्किंगमध्ये खात बसतात. आपल्याकडे रोल्सची ऑर्डर आहे, तुमच्याच पोळ्यांच्या."

"म्हणजे शनिवारी यायचं?"

"पहाटेच यायचं," दादा म्हणाले. "आणि तो अकरा आधी पुसा. ज्याने बिघडवलं त्यानेच दुरुस्त करायचं, नाहीतर पनवती लागते."

मी पुसून नऊ लिहिला.

मला बरं वाटलं. पण मशीनबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. दुपारी भांडी आवरताना ताईंना विचारलंच. रिकाम्या पातेल्यात बघत राहिल्या.

"फुटबॉलच्या सीझनभर तर तुम्हीच," शेवटी म्हणाल्या. "एवढ्या ऑर्डरी असताना मी नवीन काही करणार नाही. नंतरचं नंतर बघू."

खोटं सांगून मोकळं होता आलं असतं त्यांना. त्या झाल्या नाहीत, याचे उपकार मी आजही मानते. पण झोप उडाली ती उडालीच.

मुलीला बाजूला गाठलं. "सीझन किती दिवस चालतो गं?"

"डिपेंड्स. आपले हरत गेले तर नोव्हेंबरपर्यंत. जिंकत राहिले तर जानेवारी."

शनिवारी ऑर्डरी सकाळीच गेल्या. टीव्हीसमोर बापलेकीच्या मागे मी उभी राहिले, हाताला पीठ तसंच. इथल्या फुटबॉलमध्ये बॉल हातात धरून पळतात; तो कोणाकडे आहे तेसुद्धा कळत नव्हतं.

"आपले कुठले?" मी विचारलं.

मुलीने बोट दाखवलं. मग मी त्याच रंगाच्या शर्टांकडे बघत राहिले, आणि त्यातला एकजण आडवा झाला की तो उठेपर्यंत पापणी हलवली नाही.