टपावरचा चीक

हौसा गोताडला काचेच्या खोलीत जायचं होतं. बघायला नव्हे, कामाला. आणि ही काही लहानसहान गोष्ट नव्हती, महाराजा!

हातखंब्याच्या तिठ्याजवळ अनिल शिवगणचं गाड्या धुवायचं सेंटर आहे. पुढे धुण्याचा रॅम्प, पाइप, साबणाचा फेस आणि जिकडेतिकडे लाल पाणी. मागच्या बाजूला दोन वर्षांपूर्वी अनिलने एक खोली बांधली. तिन्ही बाजूंनी काच, आत एसी, पांढरेशुभ्र दिवे, आणि जमीन इतकी कोरडी की भात सांडला तर उचलून खावा. तिथे नव्या गाड्यांना फिल्म लावतात. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून वरून चिकटवायचा जाड, आरपार दिसणारा पापुद्रा. मोबाइलच्या काचेवर लावतो ना आपण, तसाच, फक्त गाडीला. ते काम कोल्हापुरात शिकून आलेला समर्थ करायचा. हौसा बाहेर, पाइप घेऊन. नऊ वर्षं.

नऊ वर्षं ओल्यात उभं राहिल्यावर पायांचं काय होतं, ते ज्याचं त्याला माहीत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, चपलेत पाय घातला की आग आग. वय बावन्न. नवरा केरू मुंबईला एका छापखान्यात. शिमग्याला येणार, चार दिवस राहणार, बायकोच्या पायांकडे बघून हळहळणार आणि "सोड गो ती नोकरी" असं सांगून गाडीत बसणार. सोडून खायचं काय, ते मात्र मेला कधी सांगणार नाही!

हौसाने अनिलला दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, "हौसाबाय, आतलं काम नाजूक असतं. तुझे हात बघ एकदा." तिने बघितले. राकट होते खरे, पण म्हणून काय झालं? तिने मनात म्हटलं, बघतेच मी. समर्थने कापून टाकलेले फिल्मचे तुकडे ती पिशवीत भरून घरी न्यायला लागली. आधी ट्रंकेच्या झाकणावर लावून बघितले, मग तांदळाच्या डब्यावर, आणि शेवटी चक्क एका लाल भोपळ्यावर. हसू नका! भोपळ्याच्या गोलाव्यावर फिल्म सुरकुती न पडता बसवून दाखवा आणि मग बोला. हौसाला ते चौथ्या खेपेला जमलं. मग तो भोपळा चिरायचा तिला जीवच होईना.

एप्रिलच्या एका सकाळी अनिश केतकर आपली स्पोर्ट्स कार घेऊन आला. गर्द निळी, दोन दारांची, अशी बुटकी की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. केतकरांची गोळपच्या अंगाला हापूसची बाग. पुण्याची नोकरी सोडून तो आंब्याच्या धंद्यात पडला, दोन सीझन राबला, आणि स्वतःच्या हिमतीवर ही गाडी घेतली. मागून त्याचे वडील आप्पा केतकर जीपमधून आले. निवृत्त हेडमास्तर. गाडी त्यांना पसंत नव्हती, आणि नापसंती ते कधी एकट्यात व्यक्त करत नसत.

"अनिलशेट, पीपीएफ लावायचाय, रंगावरची फिल्म," अनिश म्हणाला.

"पोस्टात काढतात तो नव्हे," आप्पा अनिलला म्हणाले, "ते मला समजावून झालंय. हे प्लास्टिक आहे. आमच्याकडे रिमोटला पिशवी, सोफ्याला कव्हर, आता गाडीलाही अंगरखा! कंपनीने रंग दिलाय तो काय झाकून ठेवायला?"

अनिलने आपलं ठेवणीतलं भाषण सुरू केलं. बोनेट, पुढचा बंपर आणि आरसे, एवढं पुढचं पॅकेज सगळे लोक घेतात. मग फिल्म लावलेल्या एका पत्र्यावर त्याने किल्ली कराकरा ओढली, वर गरम पाणी ओतलं, आणि ओरखडा पुसला गेला. अनिशचे डोळे चमकले.

आप्पा ढिम्म. "माझ्या बागेत माकडं आहेत, अनिल. पण त्यांच्याकडे किल्ल्या नसतात."

हे सगळं चाललं होतं तेव्हा हौसा ती निळी गाडी पुसत होती. टपावरून फडकं फिरवताना तिचा हात थांबला. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण बोटाला लागत होतं. एक, दोन, पाच, सात. रंगावर बारीक बारीक फोड आल्यासारखे डाग. हे डाग ती ओळखत होती. लग्नाआधी आणि लग्नानंतरही मिळून बारा सीझन तिने आंब्याच्या पॅकिंगला काढले होते. देठ मोडला की आंब्यातून जो चीक उडतो, तो हातावर पडला तर कातडी जाळतो आणि आंब्यावर पडला तर आंबा डागतो. मग गाडीच्या रंगाला तो सोडील काय?

गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं नाही, हा अनिलचा नियम. हौसाने क्षणभर तो पाळला. क्षणभरच.

"ओ, गाडी आंब्याखाली लावताव काय?" तिने अनिशला विचारलं.

"हो, सावलीला. का?"

"मग पुढं कशाला लावताव फिल्म? वर लावा. टपावर चीक पडलाय तुमच्या, बोट फिरवून बघा."

अनिलचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हौसाबाय, तू तिकडची स्कूटर घे धुवायला!"

पण आप्पा पुढे झाले होते. त्यांनी टपावर बोट फिरवलं, चष्मा वर केला आणि मुलाकडे असं बघितलं की अनिशने मानच खाली घातली. जन्मभर बागेत वावरलेला माणूस, चीक काय करतो ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. पण गाडीवर? हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

"मग उन्हात लाव म्हणावं," ते म्हणाले.

"उन्हात रंग मरतो," हौसा म्हणाली.

"कव्हर घाल."

"कव्हराखाली आपली लाल धूळ जाते, आप्पा. वारा सुटला की पॉलिश पेपरागत घासते. असल्या ओरखडलेल्या गाड्या रोज धुतो आम्ही."

"पण बाई, दगड तर पुढेच लागतात ना?" अनिश म्हणाला.

हौसा हसली. "दिवसातनं गाडी धावते किती, नि उभी ऱ्हाते किती?"

आप्पांनी चाळीस वर्षं पोरांना प्रश्न विचारले होते, पण असा प्रश्न आपल्याला कोणी विचारला नाही, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"प्रश्न चोख आहे," ते शेवटी म्हणाले. "पण ही फिल्म तरी चिकाला टिकते कशावरून? रंग जळतो तसं प्लास्टिकही जळेल. अनिल, तुझ्या फिल्मवर कोणी चीक टाकून बघितलाय?"

अनिलने बघितला नव्हता. ज्याने त्याला विकली त्यानेही नाही. फिल्म किल्लीला भिते की नाही एवढंच आजवर सगळ्यांनी बघितलं होतं.

"मग आता बघू," आप्पा म्हणाले. जीपमध्ये पाडाचे आंबे होतेच. मागच्या भंगारात एका गाडीचं जुनं दार पडलं होतं. अनिलकडे दोन प्रकारची फिल्म होती, एक स्वस्तातली आणि एक महागातली. समर्थने दाराचा एक भाग उघडा ठेवला, एकावर स्वस्त फिल्म लावली, एकावर महाग. हौसाने आंब्याचा देठ मोडला आणि तिन्ही ठिकाणी चिकाच्या धारा सोडल्या. दार उन्हात ठेवलं. दहा वाजले होते. आप्पा म्हणाले, तीन वाजता बघू, आणि बापलेक बँकेच्या कामाला रत्नागिरीत गेले.

ते गेल्यावर अनिल हौसाजवळ आला. ओरडला नाही, त्यामुळे ती जास्त घाबरली. "दोन्ही फिल्म जळल्या ना हौसाबाय, तर माझी ही खोली बसली. बातमी पावस ते राजापूर पसरेल. मग तू उद्यापासून यायचं नाही. समजलं?"

समजलं होतं. पाच तास तिने खाली मान घालून गाड्या धुतल्या. दोन स्कूटर, एक टेम्पो, एक डॉक्टरांची गाडी. काय गरज होती जीभ उचलायची? काचेची खोली राहिली बाजूला, आता पाइपही जाणार. चीक रंग जाळतो हे तिला ठाऊक होतं. फिल्मचं तिला काडीचंही ठाऊक नव्हतं. दाराकडे तिने एकदाही बघितलं नाही, आणि डबाही उघडला नाही.

तीनला पाच मिनिटं कमी असताना जीप आली. सगळे दाराभोवती जमले. समर्थने ओलं फडकं फिरवलं.

उघड्या रंगावर चिकाच्या धारेचा नकाशा उमटला होता, नख अडकेल इतका. स्वस्त फिल्म पिवळी पडून कडेने उचलली होती. आणि महाग फिल्म? फडकं एकदा फिरलं आणि ती आरशासारखी लखलखली. आप्पांनी नख मारलं, तिरकं बघितलं, पुन्हा नख मारलं. काही नाही!

"आयला!" हे आप्पा म्हणाले. हेडमास्तर आप्पा!

अनिलच्या बाबतीत एक मात्र मानलं पाहिजे. स्वस्त फिल्मचा उरलेला अख्खा रोल त्याने जागच्या जागी उचलला आणि भंगारात फेकला. "हे पुन्हा कोणाला लावणार नाही," तो म्हणाला.

तिथेच निर्णय झाला. टप, मागची डिकी आणि बोनेट, म्हणजे आकाशाकडे बघणारं सगळं झाकायचं. पुढचा बंपरही, कारण संगमेश्वरच्या रस्त्याची खडी कोणाची भीड धरत नाही. दारं नकोत. अख्ख्या गाडीला तर नकोच. "बघ, विचार केला की प्लास्टिकलाही अर्थ येतो," आप्पा मुलाला म्हणाले, जणू हे सकाळपासून त्यांचंच म्हणणं होतं.

पण टप लावायचा कोणी? आधी टपावरचे डाग पॉलिशने घासून काढायचे, मग फिल्म एका तुकड्यात घालायची. चार हातांनी चार कोपरे ताणून धरावे लागतात, आणि समर्थचा जोडीदार बहिणीच्या लग्नाला राजापूरला गेला होता.

"मी धरते," हौसा म्हणाली.

अनिल काही बोलायच्या आत आप्पाच म्हणाले, "धरेल ती."

तिने पाय धुतले, कोरडे केले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं. गारवा तळव्यांतून वर चढला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण ते पुसायला वेळ नव्हता. समर्थने साबणाचं पाणी फवारलं, पाठीचा कागद सोलला, दोघांनी फिल्म हवेत ताणली आणि टपावर अलगद उतरवली. समर्थ स्वतःच्या बाजूचं पाणी रबरी पट्टीने काढत होता. थोड्या वेळाने त्याने मान वर करून बघितलं तर हौसाची बाजू होऊनही गेली होती. बुडबुडा नाही, सुरकुती नाही. कडासुद्धा आत दुमडलेल्या.

तो वाकून वाकून बघायला लागला. "हौसाताई, चिकट बाजूला तुमच्या बोटांचा एकही ठसा नाही. माझे कुठे ना कुठे राहतातच. हे कसं काय?"

हौसाने बोटं पुढे केली. टोकं गुळगुळीत, एक रेघ नाही. चौदा वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या होत्या तिने. टरफलाच्या तेलाने रेघा जळून गेल्या त्या गेल्या. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधी लागत नाही, दर महिन्याला दुकानदाराची बोलणी खावी लागतात.

मग डिकीचा तुकडा समर्थने अख्खाच तिच्या हातात दिला आणि स्वतः कोपरे धरायला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी बाहेर काढली. आप्पा टपावर कुठेतरी कड सापडते का ते नखाने शोधत होते. सापडेना. "लावलीत की नाही फिल्म? की नुसतं बिल केलंत?"

"टपाची एक बाजू आणि डिकी, दोन्ही हौसाताईंनी केलंय," समर्थ अनिलकडे बघत, मुद्दाम मोठ्याने म्हणाला.

आप्पा वळले. "बाई, माझ्या ओळखीच्या आणखी सहा बागायतदारांच्या गाड्या आंब्याखाली उभ्या असतात. सगळ्यांना पाठवतो. पण त्या तुम्ही लावायच्या. अनिल, ऐकलंस ना?"

अनिलने ऐकलं होतं. आठवड्याभरात सहापैकी चार गाड्या दारात आल्या. शनिवारी सकाळी हौसा नेहमीसारखी पाइप उचलायला गेली तर पाइप जागेवर नव्हता. अनिलशेट पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडून रॅम्पवर उभे, हातात पाइप, आणि धुवायला नवा माणूस अजून मिळालेला नाही.

"बघतेस काय?" तो खेकसला. "आत जा. समर्थ थांबलाय."

ती आत गेली. दार लावून घेतलं. केरूला फोन करून म्हणाली, "नोकरी सोडली हो मी, धुवायची," आणि पलीकडे तो घाबरून काही विचारायच्या आत खदखदून हसली. मग काचेवर टकटक केली. बाहेर अनिलने भिजलेलं तोंड वर केलं.

"अनिलशेट," हौसा आतून ओरडली, "नुसतं पाणी मारू नका! टपावरनं बोट फिरवून बघा!"