चुका: शून्य

डोंबिवली पूर्वेच्या त्र्यंबकराव ओगल्यांचा विश्वास कशावर आहे हे सांगणं अवघड. कशावर नाही ते सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला केव्हाच रामराम. अनोळखी माणसाच्या मेलबरोबर फाइल आली की ती उघडायची नाही, हा तर घरचा कायदाच. पत्नी सरोजताई म्हणायच्या, "अहो, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?"

होती ना, 'कैची' होती. पस्तीस वर्षं शेड आणि इमारतींची गणितं केलेल्या या इंजिनिअरने निवृत्तीनंतर हे सॉफ्टवेअर एकट्याने लिहिलं होतं. छपराची मापं टाका, पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांवर वाऱ्याचा किती जोर येईल ते सांगतं. फुकट, आणि आतलं लिखाण सगळं उघडं: कोणीही घ्या, बदला, वाटा. फक्त ते लिनक्स या तशाच फुकट, खुल्या प्रणालीवर चालायचं. विंडोजचं नाव काढलं की त्र्यंबकरावांच्या कपाळावर आठी. "ज्या घराच्या किल्ल्या कंपनीच्या खिशात, त्या घरात मी माझी पोर देणार नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पहिल्या पानावर मोठ्या अभिमानाने लिहिलेलं होतं: 'नऊ वर्षांत सापडलेल्या चुका: शून्य'.

जानेवारीत माजिवड्याच्या क्षिप्रा नावाच्या कुणा इंजिनिअरचा मेल आला, 'कैची' विंडोजवर द्याल का? त्यांनी "नाही" एवढंच कळवलं. पुढे तिचे आणखी तीन मेल आले, तिन्हींबरोबर फाइल. ते त्यांनी तसेच पडू दिले. मार्चमध्ये मात्र इंटरनेटवर त्यांना विंडोजवर चालणारी 'कैची' दिसली, आणि ती ठेवणारी हीच क्षिप्रा. आज फुकट वाटतील, उद्या कुलूप घालून विकतील. हिच्यामागे नक्कीच कुठली तरी कंपनी आहे. वाटायची परवानगी आपणच लिहून दिलीय, हे आठवल्यावर तर ते जास्तच चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मेलमधल्या पत्त्यावर, माजिवड्याला हजर. हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, दोन टेबलं, तिशीतली क्षिप्रा. कंपनी म्हणावं असं काही दिसेना, त्यामुळे संशय वाढलाच. चहा त्यांनी नाकारला.

"तुमच्यामागे कोण आहे?"

"कोणी नाही, सर. शेडवाल्यांकडे सगळीकडे विंडोजच असतं. त्यांना लिनक्स शिकवत कोण बसणार? म्हणून मीच केलं."

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांचं नाव जसंच्या तसं होतं. किंमत कुठेच नव्हती. खोट शोधत त्र्यंबकराव एकेक ओळ वाचत गेले. शून्याच्या जागी मात्र लिहिलं होतं: 'दुरुस्त केलेल्या चुका: एक'.

"कसली चूक?" त्यांचा आवाज चढला.

"खडवलीचे काळुराम शेड बांधतात. मी विंडोजवर केलेल्या 'कैची'त त्यांनी कोंबड्यांच्या शेडची मापं टाकली, चारी बाजूंनी उघडी. 'कैची' म्हणते, वारा पत्रे खाली दाबतो. मला फोन करून म्हणाले, मॅडम, वीस वर्षं मी लोकांच्या शेतातून उडालेले पत्रे गोळा करतोय. खाली दबलेला एक नाही बघितला."

त्र्यंबकरावांनी खुर्ची पुढे ओढली. उघड्या शेडच्या गणितात एका जागी उणेऐवजी अधिक पडलं होतं. वाऱ्याची दिशाच उलटी. या गणितावर बांधलेलं छप्पर पहिल्याच वादळात उखडलं असतं.

"मला कळवलं का नाही?"

"तीनदा मेल केलेला, सर. सोबत काळुरामांचं ड्रॉइंग पण जोडलेलं."

त्यांनी चहा मागून घेतला.

घरी आल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला आणि क्षिप्राच्या तिन्ही फाइली एकामागून एक पाहिल्या. सरोजताई सगळं ऐकून घाबरल्याच. "अहो, एवढ्या वर्षांत कुणाचं छप्पर तर नाही ना उडालं?"

"नाही."

"इतकं खात्रीने कसं सांगता?"

त्र्यंबकराव पहिल्या पानावरची ती ओळ पुसत होते. मान वर न करता ते म्हणाले, "नऊ वर्षांत माझी 'कैची' कुणी वापरलीच नाही, सरोज."