राजपथावर सावदा

मी जळगावला कॉलेजात इतिहास शिकवायचे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सासऱ्यांना, म्हणजे आबांना, दिल्ली दाखवायला नेलं, तेव्हा माझा बेत पक्का होता. राष्ट्रपती भवनापासून इंडिया गेटपर्यंत राजपथ पायी चालायचा आणि वाटेत त्यांना इंग्रजांपासून आजवरचा इतिहास ऐकवायचा. आबांचाही बेत पक्का होता, फक्त तो त्यांनी मला सांगितला नव्हता. आमच्या गावच्या, सावद्याच्या स्टेशनावरून उभा जन्म त्यांनी मळ्यातली केळी दिल्लीला धाडली होती. ती इथे कोणाच्या तोंडात पडतात, हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

राजधानी कलकत्त्याहून इथे का आणली, यावर मी जीव तोडून बोलले. "इथं केळं कुठी भेटतं?" आबांनी विचारलं. इंडिया गेटमागच्या रिकाम्या छत्रीखाली पूर्वी इंग्रज राजाचा पुतळा होता, तो हलवला, हे ऐकून मात्र ते खूश झाले. "बरं झालं. गाडी लावाले सावली झाली."

आणि हिरवळीच्या कडेला खरंच केळ्यांची हातगाडी होती. आता पंचाईत अशी, की आमच्या सावद्यात केळं विकत घेणं म्हणजे नाक कापून घेणं. ज्याचा मळा नाही त्याच्याही घरी शेजारून फणी येते. आबा नुसतेच गाडीभोवती फिरले, लेकीच्या सासरी गेलेल्या बापासारखे. खुशाली तर हवी, पण पाण्यालाही शिवायचं नाही.

"ये कहाँ का है?" त्यांनी शेवटी विचारलं.

"भुसावल का है, बाबूजी. एक नंबर."

आबांचा चेहरा पडला. भुसावळ म्हणजे आमचं जंक्शन. तिथून आमच्या केळ्यांच्या वॅगनी पुढे सुटतात, एवढंच. "भुसावळात इंजिनं पिकतात," ते मला म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

मग त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. गाडीवरची केळी विकत घेतली, निम्मी माझ्या पदरात टाकली आणि हिरवळीवर बसलेल्या लोकांना वाटत सुटले. "सावदा का है. सावदा." मीही व्हाइसरॉयला वाऱ्यावर सोडून त्यांच्यामागे "सावदा, सावदा" करत निघाले.

एका बाईने केळं सोलत विचारलं, "ये सावदा कहाँ पड़ता है, बाबा?"

आबा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पडले इतिहासाची, प्रश्न भूगोलाचा. शेवटी घसा खाकरून ते हळूच म्हणाले, "भुसावल के पास."